टीव्हीवर दिसते तशी फ्रॅटर्निटी खरंच असते का?

प्रश्न असा आहे: मुलाला अमेरिकेतल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळालीय, ऑगस्टमध्ये निघणार, वर्षभरात त्याने 'ग्रीक' आणि 'द सेक्स लाइव्ह्ज ऑफ कॉलेज गर्ल्स' या दोन्ही सिरीज बघून संपवल्यात आणि आता म्हणतोय मी फ्रॅटर्निटी जॉइन करणार. बाबा म्हणतात ते सगळं दारू आणि रॅगिंग आहे, नावच काढायचं नाही. आईने विचारलंय की टीव्हीवर दाखवतात त्यातलं खरं किती आणि खोटं किती.

ताई, मी मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत स्टुडंट अफेअर्समध्ये काम करते, आमचं ऑफिस फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटींवर देखरेख ठेवतं, आणि बरीच वर्षं हेच केल्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत. टीव्हीवर दिसतं त्यातलं बहुतेक सगळं कुठे ना कुठे घडतं. पार्ट्या होतात, डोळ्यांवर पट्ट्या बांधतात, रात्री दोनला उठवतात, आयुष्यभर टिकणाऱ्या मैत्र्याही होतात. खोटा असतो तो वेळ. एपिसोड बेचाळीस मिनिटांचा, त्यात नव्या मुलाचा अपमान होतो, सगळे हसतात, शेवटी मिठी मारतात आणि तो आत येतो. प्रत्यक्षात ही प्रोसेस कित्येक आठवडे चालते, आणि एखाद्या रात्री काही बिनसलं तर ती रात्र तासातासाने पुढे सरकते. टीव्ही हे मधले तास कापतो, आणि माझ्या अनुभवात सगळा धोका त्या कापलेल्या तासांतच असतो. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी मुलाच्या तोंडचे शब्द कळावेत म्हणून थोडं. फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांची सभासद-संघटना, नाव ग्रीक अक्षरांचं, मुलींची असेल तर सोरोरिटी. एका कॉलेजातल्या शाखेला चॅप्टर म्हणतात, वर राष्ट्रीय ऑफिस असतं, त्यांचा विमा, त्यांचे नियम, आणि शिकून बाहेर पडलेले माजी सभासद असतात ज्यांच्या हातात बऱ्याच ठिकाणी त्या घराची मालकीसुद्धा असते. ग्रीक अक्षरांची पद्धत १७७६ पासूनची, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजातली फाय बीटा कॅपा ही पहिली, आणि आज दिसतात तशा सोशल फ्रॅटर्निटी १८२५ नंतर न्यू यॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजातून सुरू झाल्या. नवीन मुलं घ्यायच्या मोसमाला रश म्हणतात, आमंत्रणाला बिड, आणि बिड घेतलेला पण अजून पूर्ण सभासद न झालेला तो प्लेज, ऑफिशियली आता त्याला न्यू मेंबर म्हणायचं पण मुलं प्लेजच म्हणतात.

आता टीव्हीवरचं चित्र आलं कुठून ते बघू. जवळजवळ सगळं एका सिनेमातून आलंय, १९७८ चा 'अ‍ॅनिमल हाउस'. गोष्ट १९६२ सालातल्या एका काल्पनिक कॉलेजची, शूटिंग ओरेगन युनिव्हर्सिटीत, आणि लिहिणाऱ्यांपैकी एकाने स्वतःच्या डार्टमथ कॉलेजच्या फ्रॅटर्निटीतल्या गोष्टी त्यात घातलेल्या. तो इतका चालला की १९७९ च्या सुरुवातीला तिन्ही मोठ्या चॅनलनी आपापली कॉलेजमधल्या घराची कॉमेडी आणली. एबीसीने त्याच सिनेमावरून 'डेल्टा हाउस' काढली (मिशेल फायफर तेव्हा नवीन होती, ती त्यात आहे), एनबीसीने 'ब्रदर्स अँड सिस्टर्स', आणि सीबीएसची 'को-एड फीव्हर' तर एका एपिसोडनंतर बंदच झाली. बाकीच्या दोन्हीसुद्धा त्याच वर्षी संपल्या. सिरीज मेल्या, पण साचा उरला: एक घर गबाळ्या पण मनाने चांगल्या मुलांचं, एक घर श्रीमंत आणि कपटी मुलांचं, आणि दोघांच्या मध्ये एक खडूस डीन ज्याला मजा बघवत नाही.

हा साचा नुसता टीव्हीतच राहिला असता तर मी त्यावर एवढं बोललेच नसते. तो उलटा फिरून कॅम्पसवर येतो. अठरा वर्षांचा मुलगा कधी फ्रॅटर्निटीच्या घरात गेलेला नसतो, तिथे कसं वागायचं हे त्याला फक्त पडद्यावरून माहीत असतं, आणि मग वर्षभराने तोच मुलगा प्लेज एज्युकेटर होतो म्हणजे नव्यांना शिकवणारा होतो आणि जे पडद्यावर बघितलं तेच करायला लागतो कारण त्याला वाटतं हीच परंपरा. मी चौकशीत मुलांना विचारते की हे तुम्हाला कुणी शिकवलं, तर पुष्कळदा आधीच्या बॅचचं नावही येत नाही, 'सगळीकडे असंच करतात' एवढंच. आणि सगळीकडे म्हणजे कुठे, तर सिनेमात.

हे सगळ्यात अचूक पकडलं ते 'द सिम्पसन्स'ने, १९९३ चा होमर कॉलेजला जातो तो एपिसोड. अणुभट्टीतली नोकरी टिकवायला होमरला कॉलेजात जावं लागतं, त्याच्या डोक्यात कॉलेज म्हणजे टीव्हीवर बघितलेले सिनेमे, म्हणून तो जाताच डीनला दुष्ट ठरवून त्याच्याविरुद्ध लढाई सुरू करतो आणि तो डीन बिचारा अत्यंत भला, समजूतदार माणूस निघतो. आमच्या कामातली अर्धी अडचण त्या वीस-बावीस मिनिटांत आहे. मुलगा आमच्या ऑफिसात पहिल्यांदा येतो तेव्हा आम्ही त्याच्या गोष्टीतले व्हिलन ठरलेलोच असतो, आणि म्हणून जेव्हा खरंच मदत लागते तेव्हा तो फोन करायला घाबरतो.

मुलाने बघितलेली 'ग्रीक' मात्र या सगळ्यात वेगळी आणि माझ्या मते आजवरची सगळ्यात प्रामाणिक सिरीज आहे. २००७ ते २०११, एबीसी फॅमिलीवर चार सीझन, ओहायोतली सायप्रस-ऱ्होड्स नावाची काल्पनिक युनिव्हर्सिटी, रस्टी नावाचा इंजिनिअरिंगचा मुलगा आणि त्याची सोरोरिटीतली मोठी बहीण केसी. साचा तोच, 'कॅपा टाऊ' घर म्हणजे गबाळे आणि 'ओमेगा काय' घर म्हणजे श्रीमंत, पण लिहिणाऱ्यांनी त्या साच्याच्या आत खऱ्या गोष्टी भरल्या. रशमध्ये मुलं जशी एकमेकांना तोलतात, कोणत्या घराने बोलावलं आणि कोणत्या घराने नाही यावर एकेकाचा चेहरा कसा उतरतो, बिग ब्रदर म्हणजे मोठा भाऊ नेमून देणं, घराण्याच्या पैशामुळे श्रीमंत घरातल्या एव्हानला मिळणारं स्थान आणि त्याच पैशाने त्याच्यावर आलेला दाब, हे सगळं बरोबर आहे. केल्विन हा कृष्णवर्णीय गे मुलगा श्रीमंत गोऱ्या घरात सभासद होतो आणि हळूहळू उघडपणे जगायला लागतो, २००७ साली तरुण मुलांच्या सिरीजमध्ये हे इतक्या साधेपणाने दाखवणं मोठी गोष्ट होती, आणि खऱ्या चॅप्टरमधले कितीतरी केल्विन मला माहीत आहेत.

पहिल्या सीझनमधला एक धागा तर मी आमच्या नव्या स्टाफला आवर्जून बघायला सांगते. रस्टीची मैत्रीण सोरोरिटीत प्लेज म्हणून शिरलेली असते आणि खरं तर ती कॉलेजच्या पेपरसाठी आतल्या बातम्या गोळा करत असते, लेख छापून येतो, सगळ्या ग्रीक मंडळींवर कडक नियम लागतात आणि केसीच्या सोरोरिटीवर राष्ट्रीय ऑफिसची बाई येऊन बसते, हसत हसत सगळं बदलायला लागते. हे अगदी असंच होतं. चॅप्टरला डीनपेक्षा जास्त भीती राष्ट्रीय ऑफिसची असते कारण विमा आणि सनद त्यांच्या हातात असते, सनद काढून घेतली की चॅप्टर संपला. पण 'ग्रीक'सुद्धा दोन गोष्टी गाळते. एक म्हणजे पैसे, तिथे कुणी फीचं कधी फारसं बोलतच नाही, आणि खऱ्या आयुष्यात पहिला रडवेला मुलगा माझ्याकडे येतो तो ड्यूज भरता येत नाहीत म्हणून. दुसरं, प्लेज असण्याचा कंटाळा आणि थकवा. रस्टी हसत-पडत सगळं पार करतो आणि त्याचे मार्क फारसे घसरत नाहीत. पॉलिमर सायन्स शिकणाऱ्या आणि आठवड्याच्या चार रात्री न झोपणाऱ्या मुलाचं प्रत्यक्षात काय होतं ते डिसेंबरच्या रिझल्टमध्ये दिसतं.

कृष्णवर्णीयांच्या फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटींचं टीव्हीवरचं चित्र वेगळ्या वाटेने आलंय आणि मला ते जास्त जवळचं वाटतं. अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेलला सुरू झाली, अल्फा कॅपा अल्फा सोरोरिटी १९०८ मध्ये हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या युनिव्हर्सिटीत, जिच्या कमला हॅरिस सभासद आहेत. ज्या काळात गोऱ्या संघटना दार उघडत नव्हत्या त्या काळात विद्यार्थ्यांनी स्वतः उभं केलेलं हे घर होतं, आणि इथे सभासदत्व कॉलेजपुरतं नसतं, पन्नाशीतली बाई तितक्याच अभिमानाने तिच्या सोरोरिटीचे रंग घालते. 'अ डिफरंट वर्ल्ड' (१९८७ ते १९९३) या कृष्णवर्णीय कॉलेजावरच्या सिरीजमध्ये हे दिसलं कारण दुसऱ्या सीझनपासून सूत्रं डेबी अ‍ॅलनकडे आली, ती स्वतः हॉवर्डची, आणि ती लेखकांना अटलांटातल्या कृष्णवर्णीय कॉलेजांत नेऊन बसवायची. तसंच 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर'चा १९९३ चा एपिसोड, विल आणि कार्लटन दोघं एका कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटीत प्लेज होतात, विलला घेतात आणि कार्लटनला नाकारतात कारण तो श्रीमंत घरचा, त्याचं बोलणं-वागणं त्यांच्या मते पुरेसं कृष्णवर्णीय नाही. कार्लटन तिथे जे उत्तर देतो ते मुळातून बघा. कोण आपला आणि कोण परका हे ठरवायचा हक्क एखाद्या टोळक्याला कुणी दिला, हा प्रश्न एका विनोदी मालिकेने इतका सरळ विचारलाय की तीस वर्षांनंतरही मी तो एपिसोड ट्रेनिंगला वापरते. पण इथेही एक भाग पडद्याबाहेर राहिला. १९९० मध्ये या संघटनांनी मिळून जुनी प्लेजिंगची पद्धत अधिकृतपणे बंद केली आणि त्यानंतर ती बऱ्याच ठिकाणी लपून सुरू राहिली, आणि लपून चालणाऱ्या गोष्टीवर देखरेख कोण ठेवणार?

दुसरं टोक म्हणजे भयकथा. १९९७ मध्ये 'बफी द व्हँपायर स्लेयर'मध्ये एक फ्रॅटर्निटी दाखवली जी पार्टीत मुलींना गुंगीचं औषध पाजून तळघरातल्या सापासारख्या राक्षसाला बळी देते, बदल्यात राक्षस सभासदांना संपत्ती देतो. ऐकायला बालिश वाटेल, पण शेवटी राक्षस मेल्यावर बातमी येते की माजी सभासदांच्या कंपन्या कोसळायला लागल्यात, आणि त्या एका फटक्यात सिरीजने घराच्या पार्ट्या आणि बाहेरच्या पैशाच्या वर्तुळाचं नातं दाखवून दिलं. 'व्हेरोनिका मार्स'च्या तिसऱ्या सीझनमध्ये कॅम्पसवर बलात्कार होत असतात, सगळ्यांचा संशय एका फ्रॅटर्निटीवर, ती मुलं वागायला घाणेरडी आहेतच, पण गुन्हेगार निघतात दुसरेच आणि त्यातला एक तर रात्री मुलींना सुखरूप घरी सोडणाऱ्या सेवेत काम करत असतो. मला ते लिखाण धाडसी वाटलं. 'लॉ अँड ऑर्डर: एसव्हीयू'ने हा विषय कितीदा तरी घेतलाय, 'स्क्रीम क्वीन्स'ने त्याची भडक खुनी कॉमेडी केली.

मुलींवरच्या अत्याचाराचा प्रश्न खरा आहे, त्यावर काथ्याकूट करायला मी तयार नाही. पण तो राक्षसांमुळे होत नाही, रचनेमुळे होतो, आणि ही रचना एकही सिरीज नीट समजावत नाही. अमेरिकेत दारूचं वय २१, १९८४ च्या केंद्रीय कायद्याने सगळ्या राज्यांत तेच झालं, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं-मुली बारमध्ये जाऊ शकत नाहीत. जुन्या राष्ट्रीय सोरोरिटींपैकी बहुतेकांच्या घरात दारूला बंदी. मग उरतं काय, फ्रॅटर्निटीचं घर. म्हणजे दार मुलांच्या ताब्यात, ग्लासात काय ओतलं ते मुलांच्या ताब्यात, वरच्या खोल्या मुलांच्या, आणि मुली तिथे कायम पाहुण्या. यात एकही राक्षस नसला तरी धोका तयार होतो. टीव्ही वाईट मुलगा शोधून त्याला शिक्षा करतो आणि पुढच्या शुक्रवारी पार्टी त्याच घरात असते. राक्षसाचं चित्र डोक्यात पक्कं बसल्याचा तोटा दुसऱ्या बाजूनेही होतो: २०१४ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीतल्या एका फ्रॅटर्निटीवर अत्यंत भीषण लेख छापला, नीट पडताळा केला नव्हता, आणि २०१५ मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर खऱ्या पीडित मुलींना बोलणं किती अवघड झालं ते आमच्यासारख्यांनी कॅम्पसवर बघितलंय.

आता बाबांचा मुद्दा, रॅगिंग. इथे त्याला हेझिंग म्हणतात आणि एक फरक त्यांना नक्की सांगा. आपल्याकडे रॅगिंग होस्टेलला आलेल्या कुणाचंही होतं, त्याने मागितलेलं नसतं, आणि महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९९९ मध्येच कायदा केला. हेझिंग ज्याचं होतं त्याला आत यायचं असतं, तो स्वतःच्या पायाने जातो, स्वतः गप्प बसतो आणि घरी फोनवर सगळं छान चाललंय म्हणतो. म्हणून ते बाहेरून ओळखणं जास्त अवघड. अनेक राज्यांच्या कायद्यात आता स्पष्ट लिहिलंय की मुलाची संमती होती हा बचाव चालणार नाही.

टीव्हीवरचं हेझिंग म्हणजे लाकडी फळीचे फटके, अंडरवेअरवर मैदानातून पळणं, शेळी चोरून आणणं. खऱ्या मृत्यूंच्या फाइली वाचल्या तर त्यात बहुतेक वेळा दारू असते, आणि रात्र आनंदाची असते. सप्टेंबर २०१७ मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत मॅक्स ग्रुव्हर, वय १८, फ्रॅटर्निटीच्या इतिहासावर प्रश्न विचारायचे आणि उत्तर चुकलं की प्यायला लावायचं, दुसऱ्या दिवशी तो गेला. मार्च २०२१ मध्ये ओहायोतल्या बोलिंग ग्रीनमध्ये स्टोन फोल्ट्झ, वय २०, बिग ब्रदर आणि लिटल ब्रदरच्या जोड्या जाहीर करायची रात्र, म्हणजे 'ग्रीक'मध्ये अगदी गोड करून दाखवतात तीच, आणि त्या रात्री लिटलने बर्बन व्हिस्कीची अख्खी बाटली संपवायची अशी पद्धत.

आणि टिमथी पिआझा. हे सविस्तर सांगते कारण मी वर मधल्या तासांबद्दल जे म्हटलं ते इथे मिनिटामिनिटाने कॅमेऱ्यात आहे. पेन स्टेट, २ फेब्रुवारी २०१७, बिड स्वीकारल्याची रात्र, १९ वर्षांचा इंजिनिअरिंगचा मुलगा, घर कागदोपत्री दारूमुक्त आणि नमुनेदार समजलं जाणारं. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे ८२ मिनिटांत त्याला किमान १८ ड्रिंक दिली गेली. अकराच्या सुमाराला तो तळघराच्या जिन्यावरून पडला. मुलांनी त्याला उचलून सोफ्यावर ठेवलं, झोपेत उताणा होऊन उलटीने गुदमरू नये म्हणून पाठीला जड भरलेली बॅग बांधली. म्हणजे बघा, त्यांना धोका कळत होता. एका नव्या मुलाने मदत बोलवा म्हणून हट्ट धरला तर त्याला ढकलून बाजूला केलं. तो रात्रभर उठायचा, पडायचा, पुन्हा पडायचा. मदतीला फोन गेला दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला, पडल्यापासून जवळजवळ बारा तासांनी. ४ फेब्रुवारीला तो गेला.

हे बारा तास कोणत्या सिरीजमध्ये आहेत? कुठेच नाहीत. टीव्हीवर बेशुद्ध पडलेल्या मुलाच्या तोंडावर मार्करने मिशा काढतात आणि पुढच्या सीनमध्ये तो डोकं धरून नाश्ता करत असतो. मी असंख्य मुलांशी बोललेय आणि त्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात हाच सीन पक्का असतो, झोपला की उतरेल. नशेत पडलेला मुलगा झोपू देणं ही जगातली सगळ्यात साधी, सगळ्यात मायेची गोष्ट वाटते आणि मुलं मरतात ती याच गोष्टीने. ती पोरं सगळी दुष्ट होती असं मला वाटत नाही. ती घाबरलेली होती, चॅप्टर बंद होईल, आपल्याला काढतील, आणि प्रत्येकाला वाटत होतं दुसरा कुणीतरी ठरवेल. हे दाखवायला एक लेखक आणि एक दिग्दर्शक हिंमत करेल तेव्हा तो एपिसोड मी दरवर्षी ऑगस्टमध्ये प्रत्येक चॅप्टरला दाखवेन.

अभ्यासक हँक न्यूअर यांनी हेझिंगच्या मृत्यूंची नोंद वर्षानुवर्षं ठेवलीय, त्यानुसार १९५९ पासून २०२१ पर्यंत अमेरिकेत एकही वर्ष अशा मृत्यूशिवाय गेलेलं नाही. या मुलांच्या आईवडिलांनी दारोदार फिरून कायदे करून घेतले, लुइझियाना आणि पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये, ओहायोने २०२१ मध्ये, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचा स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट आला. फ्रॅटर्निटींच्या राष्ट्रीय संघटनेनेही २०१९ पासून घरात १५ टक्क्यांपेक्षा तीव्र दारूवर बंदी घातली, फक्त परवाना असलेला बाहेरचा विक्रेता असेल तर सूट. हे नियम सगळीकडे पाळले जातात असं मी म्हणणार नाही, पण पाळणारे चॅप्टर आहेत आणि ते कोणते हे शोधता येतं, त्याकडे येते.

त्याआधी जे टीव्हीला कंटाळवाणं वाटतं त्याबद्दल, कारण हेसुद्धा खरंच आहे आणि याच्यासाठीच मी या कामात टिकलेय. बरा चालणारा चॅप्टर आतून आपल्या गल्लीतल्या गणपती मंडळासारखा असतो: दर आठवड्याची मीटिंग, मिनिट्स, खजिनदार वर्गणीसाठी मागे लागलेला, दोघांचं भांडण मिटवायला तिसरा, गॅस गळतो म्हणून घरमालकाला फोन, पार्टीला न पिता थांबायची पाळी कुणाची यावर वाद. वीस वर्षांचं पोर लाखो डॉलरच्या घराचं बजेट सांभाळायला शिकतं. मार्कांची किमान अट असते, ती मोडली की मत द्यायचा हक्क जातो. त्याच पेन स्टेटमध्ये १९७३ पासून 'थॉन' चालतं, कॅन्सर झालेल्या लहान मुलांसाठी वर्षभर पैसे जमवून फेब्रुवारीत ४६ तास न बसता नाच, आणि त्यात फ्रॅटर्निटी-सोरोरिटींचा मोठा वाटा असतो. एमटीव्हीने २००२-०३ मध्ये 'सोरोरिटी लाइफ' आणि 'फ्रॅटर्निटी लाइफ' असे रिअ‍ॅलिटी शो केले तेव्हा खरं जगणं दाखवायची संधी होती, पण कॅमेरा गेला भांडणाकडेच. आता तेच काम फोनवर होतं, २०२१ पासून अलाबामा युनिव्हर्सिटीतल्या सोरोरिटींचं रश टिकटॉकवर गाजायला लागलं, रोजचे कपडे, रोजचे अश्रू, आणि मुलींना बिड मिळण्याआधीच लाखो लोक ओळखायला लागले. एकोणीस वर्षांच्या मुलीला नकार पचवायला मुळात जड जातं, तो असा चव्हाट्यावर आला तर काय होत असेल.

आपल्या मुलांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेल्या भारतीयांची मुलं नव्वदच्या दशकात मोठ्या संख्येने कॉलेजला पोचली आणि त्यांनी स्वतःच्या संघटना काढल्या: १९९४ मध्ये बिंगहॅमटनला आयोटा न्यू डेल्टा, १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत सिग्मा बीटा रो, १९९८ मध्ये ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय आणि मुलींची कॅपा फाय गॅमा. न्यू जर्सी-टेक्ससकडच्या मराठी घरांतली मुलं यांत भेटतात, दिवाळीचा कार्यक्रम, डान्स टीम, आणि घरात ज्या विषयावर बोलता येत नाही ते बोलायला मोठा भाऊ किंवा ताई. टीव्हीवर यातलं काहीच नाही. 'सेक्स लाइव्ह्ज'मध्ये बेला मल्होत्रा आहे, ती छान लिहिलीय, पण तिथली थीटा फ्रॅटर्निटी म्हणजे पुन्हा तीच देखण्या श्रीमंत गोऱ्या मुलांची. आणि आपली मुलं आहेत म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. २०१३ मध्ये न्यू यॉर्कच्या बरूक कॉलेजचा १९ वर्षांचा मुलगा एका आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या विधीत मेला, डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूने भरलेली बॅग आणि अंगावर धावून येणारे सगळे. असल्या विधीत जीव जायला दारूच लागते असं नाही.

मग तुम्ही काय करायचं. त्याला नाही म्हणू नका, लपून जाईल आणि मग अडचणीत सापडला तर तुम्हाला फोन करणार नाही, जे सगळ्यात वाईट. पहिल्या सेमिस्टरला थांब म्हणा, बऱ्याच युनिव्हर्सिटी स्वतःच पहिल्या वर्षाच्या मुलांना उशिरा घेतात. नव्या कायद्यामुळे कॉलेजला कोणत्या संघटनेवर हेझिंगची काय कारवाई झाली ते वेबसाइटवर जाहीर करावं लागतं, ते दोघांनी मिळून वाचा. चॅप्टरला त्याने विचारायचं: ड्यूज किती, त्यात काय काय येतं, न्यू मेंबरची मुदत किती आठवडे, आठवड्याला किती तास, गेल्या सेमिस्टरचा सरासरी जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी किती, आणि मध्येच सोडलं तर काय होतं. शेवटच्या प्रश्नावर जे एकमेकांकडे बघून हसतात त्यांच्याकडे जाऊ नको म्हणा.

तो एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसावर जाणार असेल तर अजून एक गोष्ट आहे जी कुठल्याच सिरीजमधल्या हिरोला लागू होत नाही. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर निकाल लागायच्या आधीसुद्धा व्हिसा रद्द होऊ शकतो. टीव्हीवरचा मुलगा एका रात्रीच्या कोठडीनंतर मित्रांबरोबर हसत बाहेर येतो, तुमच्या मुलाला वकील शोधावा लागेल.

आणि ९११ चं, म्हणजे तिथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरचं, बोलून ठेवा, जायच्या आधी, जेवताना, सरळ शब्दांत. कुणी बेशुद्ध असेल, हाक मारून उठत नसेल, श्वास हळू चालत असेल, अंग गार किंवा निळसर पडलं असेल तर कुणाची परवानगी न विचारता फोन करायचा आणि माणूस येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवून शेजारी बसून राहायचं. बऱ्याच राज्यांत असा फोन करणाऱ्या कमी वयाच्या मुलावर दारूचा गुन्हा लावत नाहीत, त्याच्या राज्याचा नियम आत्ताच शोधून त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. आणि चॅप्टर बंद पडला, मित्र तुटले, तुला काढून टाकलं तरी घरचे तुझ्या बाजूने उभे राहतील, हे त्याला बाबांच्या तोंडून ऐकू दे.